मुडदे चोरणारे नव्हेत, पाडणारे!

स्कॉटलंडमधल्या एडिनबरातल्या कुप्रसिद्ध जोडीबद्दल कुणीतरी 'बर्क आणि हेअर थडगी उकरून प्रेतं विकायचे' असं लिहिलंय. छोटी दुरुस्ती: या जोडीने एकही कबर खणली नाही. १८२७च्या नोव्हेंबरात हेअरकडचा एक म्हातारा भाडेकरू भाडं थकवून आजारपणाने गेला. त्याचं प्रेत डॉ. नॉक्सच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला ७ पौंड १० शिलिंगांना विकलं आणि चटक लागली. मग खणायचे कष्ट कशाला? पुढच्या वर्षभरात १६ मुडदे पाडले.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचं 'मेडिसिनल पर्पजेस' (२००४) हे याच प्रकरणावरचं श्राव्यनाट्य ऐकताना मला बर्क-हेअरपेक्षा नॉक्सच जास्त खुपला. नॉक्स झालेल्या लेस्ली फिलिप्सचा तो मधाळ आवाज! आणि या जोडीच्या बळींपैकी एक, 'डाफ्ट जेमी', झालाय चक्क डेव्हिड टेनंट, तेही स्वतः मालिकेचा नायक 'डॉक्टर' होण्याआधी. खरा जेमी एडिनबरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. विच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थ्यांनी त्याला ओळखलं, नॉक्सने मात्र साफ नाकारलं. हे माहीत असताना जेमीचे प्रसंग ऐकवत नाहीत.

हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्क १८२९च्या जानेवारीत फासावर गेला आणि त्याचंही विच्छेदन झालं! सांगाडा अजून एडिनबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.