बनियनचं ऑपरेशन ठरलंय (अंगातलं नव्हे, पायाचं!) – तयारी काय करू?

पाटीपेन्सिल:
शीर्षक वाचून हसलात तरी चालेल. दवाखान्यातून आल्यावर मी घरी सांगितलं, "बनियनचं ऑपरेशन करायचंय," तर सासूबाई म्हणाल्या, "बनियनला कसलं गं ऑपरेशन? फाटलं की फडकं करायचं!"

तर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेललाय. कागदावर 'हॅलक्स व्हॅल्गस' लिहिलंय. आईचा पाय असाच होता, मावशीचाही आहे. वय ५३, शाळेत शिकवते, रोजचे चार-पाच तास उभ्यानेच जातात. कोल्हापुरी सोडून चार वर्षं झाली, कारण तिचा अंगठा नेमका त्या हाडावर घासतो. रुंद बूट झाले, बोटांच्या मध्ये घालायचं सिलिकॉन झालं. आता रात्रीही ठणकतं. उभं करून एक्स-रे काढला, कोन ३४ अंश निघाला. तो १५च्या आत हवा म्हणे. हाड कापून सरळ करणार आणि स्क्रू बसवणार. त्या पद्धतीचं नाव 'स्कार्फ'. बनियनवर स्कार्फ, म्हणजे कपाटच उघडलंय.

तारीख मेच्या पहिल्या आठवड्यात घेतली आहे, म्हणजे शाळा उघडेपर्यंत सहा आठवडे मिळतील. पण डोंबिवलीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात सासूबाई (वय ८२), नवरा सकाळी ७:१२ची लोकल पकडतो, मुलगी पुण्याला. डावा पायही त्याच वाटेवर आहे, तर दोन्ही एकदमच उरकावेत का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

कटिंगचहा:
ताई, चाकू लावायची घाई करू नका. आमच्या आत्याने वर्षभर रात्री एरंडेल चोळून वर हळदीचा लेप लावला. बराच फरक पडला.

मीठभाकर:
कटिंगचहा, एरंडेलाने कातडी मऊ झाली असेल, ठणकाही कमी झाला असेल. वाकडं झालेलं हाड सरळ होत नाही हो. पट्ट्या आणि सिलिकॉनचंही तेच.

पाटीपेन्सिल, माझा डावा पाय २०२२ साली झाला, हेच ऑपरेशन. (स्कार्फ हे नाव सुतारकामातल्या सांध्यावरून आलंय. हाडाला झेडसारखा काप देऊन तुकडा सरकवतात.) आठवेल तसं लिहिते.

ऑपरेशनची रात्र. पाय बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत वाटतं, हॅ, एवढंच? मीही तशीच फुशारले आणि गोळी टाळली. पहाटे तीनला बधिरपणा उतरला तेव्हा देव आठवले. गोळ्या सांगितलेल्या वेळेला घ्या, दुखायची वाट बघू नका.

पहिले पंधरा दिवस पाय छातीपेक्षा वर हवा. खुर्चीत बसून समोर स्टूल ठेवणं म्हणजे वर नव्हे. आडवं पडायचं आणि पायाखाली दोन-तीन उशा किंवा गादीची वळकटी. पाच मिनिटं पाय खाली सोडला की बोटं जांभळट होतात आणि ठणका सुरू. म्हणून 'बसल्या बसल्या भाजी निवडते' हेसुद्धा जमत नाही. आधीच ठरवून टाका: डबा लावा, पोळ्यांना बाई बघा. मी पाचव्या दिवशी कुकर लावायला उठले आणि संध्याकाळी बँडेज घट्ट होईपर्यंत पाय सुजला. डॉक्टरांपेक्षा नवराच जास्त ओरडला.

टाचेवर चालायचा खास बूट देतात, तो साधारण सहा आठवडे. त्याने तो पाय उंच होतो, म्हणून दुसऱ्या पायात तेवढ्याच जाड तळाचा बूट घाला, नाहीतर कंबर धरते. घरात पायताण नको हा नियम तेवढे दिवस गुंडाळून ठेवा. सासूबाईंना आधीच सांगा!

अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, पायावर कचऱ्याची पिशवी आणि वर चिकटपट्टी, पाय मोरीबाहेर. ड्रेसिंग ओलं होता कामा नये. टाके चौदाव्या दिवशी काढले.

दोन्ही पाय एकदम? काही जण करतात. पण तुमच्या तिसऱ्या मजल्याला टेकायला एक तरी धड पाय हवा, असं माझं वैयक्तिक मत.

आणि जूनचं गणित पुन्हा मांडा. सहा आठवड्यांनी हाड बऱ्यापैकी जुळतं, पण पाय शाळेत पाच तास उभा राहत नाही. त्यात पाऊस, निसरडे रस्ते आणि सुजलेल्या पायात कुठलाही बूट जात नाही. मला स्वतःची सँडल तिसऱ्या महिन्यात चढली, संध्याकाळची सूज पूर्ण जायला सहा महिने लागले. रजा वाढवून ठेवा.

हिरवाचाफा:
मी फिजिओ आहे. वरच्या प्रतिसादाला +१. थोडी भर.

जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. वॉकर घेऊन जिना चढू नका, कठडा आणि माणूस धरा. अगदीच जमेना तर पायरीवर बसून, पाठमोरं, एकेक पायरी वर सरका. लोक बघतील, बघू देत. एकदा वर पोचलात की टाके काढेपर्यंत खाली उतरायची वेळ कमीत कमी येऊ द्या. वॉकरने टाचेवर चालायचा सराव ऑपरेशनच्या आधीच करा.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा. उकिडवं बसताना अंगठा मागे दुमडतो आणि सगळा भार तिथेच येतो, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी जमतं. काहींचा अंगठा थोडा ताठर राहतोही. तो वर-खाली करायचा व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून नेमाने करा, कंटाळा केला तर पुढे जड जातं.

शुगर तपासली आहे ना? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आत्ताच सांगा. तंबाखू, मिश्री असलं काही असेल तर बंद, हाड जुळायला उशीर होतो. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

दोनचाकी:
स्कूटर कधीपासून चालवता येते?

हिरवाचाफा:
ब्रेक हाताचा असला तरी सिग्नलला पाय टेकावाच लागतो. सहा आठवड्यांच्या आत नाहीच. उजवा पाय असेल तर गाडीचा ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत गाडीही नाही.

मीठभाकर:
राहिलंच, मेडिक्लेमची मंजुरी आधी घ्या. दिसण्यासाठी करताय असं वाटलं तर अडवतात. चालताना किती त्रास होतो, आधी काय काय उपाय केले, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि जोडवी आधीच काढा, आयत्या वेळी निघत नाहीत.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे मनापासून आभार. जूनचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. जुलै अखेरपर्यंतचा रजेचा अर्ज आज मुख्याध्यापकांना दिला. पाय एकच, उजवा.

डब्यावरून घरात खल झाला. सासूबाई म्हणतात, मी अजून खिचडी टाकू शकते. बघू. जोडव्यांवरून मात्र त्या अजून घुश्शात आहेत. साबण लावून एक निघालं, दुसऱ्यासाठी सोनाराकडे जावं लागणार.

मीठभाकर, तो टाचेचा बूट अजून आहे का तुमच्याकडे? डाव्या-उजव्या दोन्हीला चालतो असं दुकानदार म्हणाला. माझा नंबर ३८. असेल तर व्यक्तिगत निरोप करते, कुरिअरचे पैसे माझे.