चेल्सी, डर्बी की पॅरिसची नक्कल? मेंढपाळणीच्या पुतळीबद्दल मदत हवी आहे

मंडळी, मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. दोनेक वर्षांपासून जुन्या इंग्लिश पोर्सिलेनच्या पुतळ्यांचं खूळ लागलंय. गेल्या महिन्यात एका लिलावात १४० पौंडांना एक मेंढपाळीण घेतली आणि तेव्हापासून झोप उडालीय.

उंची साधारण २१ सेंमी. पायाशी कोकरू, ओच्यात फुलं, मागे पानाफुलांचं झुडूप. यादीत लिहिलं होतं 'चेल्सी, गोल्ड अँकर काळ', म्हणजे लंडनच्या चेल्सी कारखान्याचा १७५८ ते १७६९ चा काळ, जेव्हा जहाजाचा सोनेरी नांगर ही त्याची खूण होती. पाठीमागे सोनेरी नांगर आहे खरा, पण चांगला सेंटिमीटरभर, दारातूनही दिसेल असा! चेल्सीचा अस्सल नांगर जेमतेम ५-६ मिमीचा, शोधावा लागतो. मोठ्ठे नांगर बहुतेक नकलांवर असतात आणि पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात अशा नकला ढिगाने केल्या. म्हटलं, गंडलो.

मग उलटी करून पाहिली. तळाला तीन काळपट गोल डाग. हे तर डर्बी शहरातल्या पोर्सिलेन कारखान्याचं लक्षण! भट्टीत पुतळी मातीच्या गोळ्यांवर टेकवायचे, त्याचे हे वण. करंगळीचा टवका उडालाय, तिथली माती साखरेसारखी रवाळ आहे. जुन्या इंग्लिश सॉफ्ट पेस्टची (मऊ पोर्सिलेनची) माती अशीच असते; सॅमसनचं हार्ड पेस्ट (कडक पोर्सिलेन) असतं तर काचेसारखं गुळगुळीत तुटलं असतं.

मग डर्बीवर नांगर कुठून आला? डर्बीच्या विल्यम ड्यूसबरीने १७७० मध्ये चेल्सीचा कारखाना घेतला, पण त्यानंतरच्या खुणेत नांगराबरोबर 'डी' असतो. इथे नुसताच नांगर.

त्यात आई सांगलीहून आलीय. "एवढे पैसे मोजून मळकी बाहुली आणलीस?" म्हणत तिने ती गरम साबणाच्या पाण्यात बुडवली. डावा अंगठा तिच्या हातात आला. आत पिवळट गोंद, म्हणजे अंगठा आधीच कधीतरी चिकटवलेला. आता काय करू?

प्रतिसाद: आधी आईंना सिंकपासून लांब ठेवा. :) अंगठा डबीत जपून ठेवा, फेव्हिक्विक वगैरे अजिबात नको. पुन्हा पाण्यात बुडवू नका, ओलसर कापूस फिरवला तरी पुरे. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा, नंतर रंगवलेले भाग बहुधा वेगळे चमकतात. १७७० आधीच्या डर्बीवर सहसा खूणच नसते, त्यामुळे रिकाम्या जागी नंतर कोणी नांगर रंगवणं अवघड नाही. भिंगाखाली नांगराचं सोनं आणि झग्याच्या काठाचं सोनं शेजारी-शेजारी पाहा, झीज सारखी आहे का? आणि डर्बीच्या म्युझियममध्ये एक चक्कर माराच, डर्बी पोर्सिलेन तिथे भरपूर आहे.

मूळ लेखक: धन्यवाद! दहापट भिंग लावलं. झग्याच्या काठाचं सोनं घासून तपकिरी पडलंय, नांगर लख्ख. शिवाय नांगराखालून ग्लेझवर (वरच्या काचेसारख्या थरावर) एक जुना ओरखडा गेलाय आणि सोनं त्या ओरखड्यात उतरलंय. म्हणजे आधी ओरखडा, मग नांगर. शनिवारी डर्बीला जातोय. आईपण येते म्हणाली.