कॅनन फिल्म्स कशाने बुडाली? मोठेपणाच्या सोसाने की मुळातल्या हिशोबाने?

रिळवाला :
मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या नात्यातल्या दोन इस्रायली भावांनी १९७९ मध्ये कॅनन ही अमेरिकन कंपनी अवघ्या ५ लाख डॉलरना घेतली. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या सिनेबाजारात आधी पोस्टर दाखवायचं, देशोदेशीचे हक्क आगाऊ विकायचे आणि त्या करारांवर बँकेकडून पैसा उचलून सिनेमा काढायचा, ही त्यांची रीत. व्हिडिओ कॅसेटचा धंदा तेव्हा जोरात होता, माल कमीच पडायचा. १९८४ चा 'ब्रेकिन' सुमारे १२ लाख डॉलरांत बनला आणि अमेरिकेत पावणेचार कोटींहून जास्त गल्ला जमवून गेला.

हे गणित पक्कं होतं. मोडलं ते सोसापायी. 'ओव्हर द टॉप'साठी सिल्व्हेस्टर स्टॅलोनला १ कोटीहून जास्त, 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स'वर २ कोटींच्या वर, शिवाय १९८६ मध्ये ब्रिटनमधली एबीसी थिएटरं आणि एल्स्ट्री स्टुडिओ. चार्ल्स ब्रॉन्सन आणि चक नॉरिस या नटांच्या मारधाडपटांवर भागवलं असतं तर दुकान चाललं असतं.

खतावणी :
सपशेल असहमत. आगाऊ मिळालेला पैसा म्हणजे उचल, नफा नव्हे. जुनी देणी भागवायला नवी उचल, नव्या उचलीसाठी नवं पोस्टर. मग वर्षाला चाळीसेक सिनेमे काढण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यात कॅसेटची दुकानं भरली, की खरेदीदार विचारणार, 'नाव कोणाचं आहे?' स्टॅलोन तिथूनच आला. आणि एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, हिशोब तपासले ते काय उगाच? सिनेमांचा खर्च पुढे ढकलून नफा फुगवल्याचा आक्षेप होता.

रिळवाला :
मग निर्माता रॉजर कॉर्मन कसा तरला? तोही स्वस्तातलाच. १९७० मध्ये न्यू वर्ल्ड ही कंपनी काढली आणि अंथरूण पाहूनच पाय पसरले.

खतावणी :
आणि १९८३ मध्ये विकून मोकळा झाला, हे का गाळता? शिवाय त्याचं वितरण स्वतःचं होतं, तिकिटांचा पैसा त्याच्याकडे यायचा. कॅननने तो बऱ्याचदा चित्रीकरणाआधीच विकून खाल्लेला असे.

तिसरी रांग :
तुमची वहीखाती चालू द्या, पण दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसच्या 'लव्ह स्ट्रीम्स'ला पैसे याच दोघांनी दिले, १९८४ मध्ये बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वल, मिळाला. 'रनअवे ट्रेन'ला ऑस्करची तीन नामांकनं होती. फ्रेंच दिग्दर्शक गोदारशी 'किंग लिअर'चा करार तर हातरुमालावर केला! (कागदी असावा.) मोठ्या स्टुडिओंनी या मंडळींना दारात तरी उभं केलं असतं का?

खतावणी :
'लव्ह स्ट्रीम्स'साठी हात जोडतो. पण 'सुपरमॅन ४'चं बजेट ऐनवेळी जवळपास निम्म्यावर आणून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला न्यूयॉर्क म्हणून खपवलं, तेही यांनीच. तंगी असताना माणूस कुठे कात्री लावतो ते बघा.

राहता राहिला ब्रॉन्सन. त्याच्या 'डेथ विश ३'ने अमेरिकेत १ कोटी ६० लाखांच्या आसपास कमावले, १९८७ चा चौथा भाग त्याच्या निम्म्यावरही पोचला नाही. कशावर भागवणार होते?

रिळवाला :
चौथ्या भागावरच. कमाई घटली म्हणून ब्रॉन्सनच्या सिनेमासाठी कोणाला थिएटरं विकत घ्यावी लागत नाहीत.