खांदा सारखा निखळतोय, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं का?

मातीतला_रेडर: धाकटा भाऊ १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. मागच्या सीझनला पकडीत हात वर आणि मागे खेचला गेला नि उजवा खांदा निखळला. दवाखान्यात बसवून दिला पण तेव्हापासून सारखा निखळतोय, आता तर झोपेत कूस बदलली तरी सरकतो. एमआरआयमध्ये बँकार्ट लीजन (खांद्याच्या खोबणीच्या कडेची गादी पुढून सुटणं) आलंय, डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून शिवून टाकू. घरी सगळे म्हणतात खेळ सोड, आपोआप बरं होईल. काय करावं?

हाडवैद्य_रेसिडेंट: दादा, आपोआप नाही होत. खोबणीच्या कडेला लॅब्रमची गादी असते, ती पुढून सुटली की दंडाच्या हाडाचं डोकं परत परत तिथूनच बाहेर येतं, आणि विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दुर्बिणीने छोट्या छिद्रांतून ती गादी अँकर (हाडात बसवायची छोटी खुंटी) आणि दोऱ्याने परत हाडाला बांधतात. पण झोपेतसुद्धा सरकतोय म्हणजे मला हाडाची शंका येते. प्रत्येक वेळी निखळताना खोबणीची पुढची कड झिजते आणि दंडाच्या हाडाच्या डोक्याला मागून खड्डा पडतो, त्याला हिल-सॅक्स म्हणतात. थ्रीडी सीटी झालाय का? कड साधारण २०-२५ टक्के गेली असेल तर नुसतं शिवलेलं टिकत नाही, मग लाटार्जे करतात, म्हणजे शेजारच्या कोराकॉइड हाडाचा तुकडा स्नायूसकट आणून पुढे स्क्रूने बसवायचा. खड्डा मोठा असेल तर दुर्बिणीतूनच मागचा टेंडन (स्नायूबंध) त्यात बसवता येतो. कबड्डीसारख्या खेळात हा हिशोब आधी झालाच पाहिजे.

मातीतला_रेडर: सीटी नाही केला, फक्त एमआरआय. सोमवारी विचारतो. गावात एकजण ओढून बसवतो त्याच्याकडे मागे दोनदा नेलं होतं, त्याने काही बिघडलं असेल का?

हाडवैद्य_रेसिडेंट: आता अजिबात नेऊ नका. झटका देऊन ओढलं तर हाड मोडू शकतं, खांद्याला वळसा घालून जाणारी नस दुखावते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

फिजिओताई: माझ्याकडे असे बरेच खेळाडू येतात. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी), बोटं-मनगट-कोपर मात्र पहिल्यापासून हलवायचं. खरी अडचण तिसऱ्या महिन्यात येते, दुखायचं थांबतं आणि पोरं परस्पर सरावाला जातात. हात वर नेऊन मागे वळवायची हालचाल फिजिओने सांगितल्याशिवाय नको, आणि पकडीचा खेळ सहाएक महिन्यांच्या आत नाहीच, तेही दोन्ही खांद्यांची ताकद मोजून सारखी आली तरच. त्याच्या कोचलाही हे आत्ताच सांगून ठेवा.