१२ सेंमीची रॉकेट चूल: भांडं ठेवलं की तोंडातून धूर, बुडाला काजळी

जळण_कमी:
लाकडावर चालणारी, बिनधुराड्याची घरगुती चूल कमी खर्चात बनवायची आहे. सध्याची रचना: काटकोनी रॉकेट चूल (आडव्या तोंडातून सरपण आत, उभ्या भागातून जाळ वर भांड्याकडे), आतली पोकळी चौकोनी १२ × १२ सेंमी, उभा भाग ३० सेंमी. अस्तर २ मिमी साध्या लोखंडी पत्र्याचं, बाहेर पत्र्याचा डबा, मधल्या ६ सेंमी जागेत चाळलेली राख. ३० सेंमी व्यासाचं सपाट बुडाचं भांडं १ सेंमी उंच टेकूंवर बसतं. भोवती पत्र्याचं कडं, फट ८ मिमी.

भांडं ठेवलं की धूर तोंडातून उलटा येतो, उचललं की जाळ सरळ वर जातो. बुडाला काळी, चिकट काजळी धरते. शिवाय अस्तराचे पापुद्रे सुटतात आणि वळणाच्या कोपऱ्यात पत्र्याला भोकं पडतात. टेकू उंच केले तर आच वाया जाईल असं वाटतं. स्टेनलेस परवडणारं नाही. नेमकं काय बदलावं?

आच_आणि_फट:
भांडं उचलल्यावर चूल नीट ओढते, म्हणजे पोकळीत दोष नाही. पुढची वाट अडली आहे. हिशोब करून बघा.

पोकळीचं क्षेत्रफळ १२ × १२ = १४४ चौ. सेंमी. पोकळीच्या काठाचा घेर ४८ सेंमी आणि टेकू १ सेंमीचे, म्हणजे वायूला बाहेर पडायला ४८ चौ. सेंमी जागा. एक तृतीयांश! पुढे कड्यापाशी भांड्याचा घेर साधारण ९४ सेंमी, फट ०.८ सेंमी, म्हणजे ७५ चौ. सेंमी. तिथेही निम्मीच. उरलेला धूर तोंडातूनच परतणार.

लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अप्रोवेचो संशोधन केंद्रात रॉकेट चूल विकसित केली. तिच्या तत्त्वांपैकी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: तोंडापासून कड्यापर्यंत वाटेचं क्षेत्रफळ सारखं ठेवायचं. तुमच्या मापांना १४४ ÷ ४८ = ३ सेंमी फट पोकळीच्या काठावर, आणि १४४ ÷ ९४ = साधारण १.५ सेंमी भांड्याच्या कडेला व कड्यात.

आच वाया जाण्याची तुमची शंका रास्त आहे. टेकू नुसते ३ सेंमीचे केले तर भांड्याच्या कडेखालीही ३ सेंमी फट राहील, गरम वायू बुडाला न घासता निघून जाईल. म्हणून चुलीचा माथा सपाट ठेवू नका. मध्यावर ३ सेंमी आणि कडेला १.५ सेंमी फट राहील असा बशीसारखा चढ द्या. वायू पातळ थराने, वेगाने बुडाला घासत गेला पाहिजे, उष्णता भांड्यात शिरते ती त्यामुळेच. सुरुवात थोड्या मोठ्या फटीने करा आणि चूल पूर्ण पेटलेली असताना कमी करत जा. तोंडातून धूर डोकावला की २ मिमी मागे या.

काजळीचं कारण यातूनच निघतं. भांड्यात पाणी असल्यामुळे बूड १०० अंशांच्या आसपासच असतं. अर्धवट जळलेली ज्वाळा त्याला टेकली की विझते आणि कार्बन तिथेच बसतो. आता ओढ अडल्यामुळे हवा कमी पडते आणि ज्वाळा लांबट, पिवळी होते. फट सुटली की ती आखडेल. ३० सेंमी उंची ठीक आहे, वाढवू नका. उंची वाढवली की धूर कमी होतो, पण वायू भांड्यापर्यंत थंड होऊन पोचतो.

तोंडात सरपणाखाली फळी आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पत्र्याची फळी टाका: वर लाकूड, खाली साधारण ४ सेंमी हवेची वाट. काड्यांची टोकंच जळली पाहिजेत. अख्खी काडी आत ढकलली की ती एकदम वायू सोडते आणि तेवढी हवा मिळत नाही.

जळण_कमी:
फळी नाही, टाकतो. पण भांडी दोन-तीन मापांची असतील तर कडं कुठल्या मापाचं?

आच_आणि_फट:
बंद कडं करूच नका. पट्टीची टोकं एकमेकांवर सरकतील अशी ठेवा आणि आकडीने अडकवा. ३० सेंमीच्या भांड्याला कड्याचा आतला व्यास ३३, म्हणजे घेर १०४ सेंमी. २४ सेंमीच्या भांड्याला फट १.९, व्यास २७.८, घेर ८७. त्यामुळे ११५ सेंमी लांब पट्टी दोन्हीला पुरते.

भट्टीवाला:
अस्तराबद्दल. राखेने उष्णता आत कोंडली जाते, हे चांगलंच आहे, पण त्यामुळे पत्रा लालबुंद राहतो आणि साधं लोखंड त्या तापमानाला खपल्या होऊन झडतं. जाड पत्र्याने दिवस वाढतील, रोग जाणार नाही. अस्तर हलक्या विटेचं करा.

चाळलेली माती आणि बारीक चाळलेला लाकडाचा भुसा, मापाने सारखे घेऊन सुरुवात करा. आधी मातीचा चिखल, मग भुसा. भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी हवेची छिद्रं राहतात. साधी दाट वीट नको. ती स्वतः तापेपर्यंत उष्णता पीत राहते आणि तोवर चूल धुरकट चालते.

ओल्या विटेवर १० सेंमीची रेघ ओढा आणि भाजल्यावर मोजा. ९.१ भरली तर साचा त्या हिशोबाने मोठा करा. वाळवण सावलीत, सावकाश. भाजताना २०० ते ५०० अंशांच्या टप्प्यात घाई नको, भुसा तेव्हाच जळतो. नंतर ९०० च्या आसपास. एक वीट मुद्दाम फोडून बघा: गाभा काळा असेल तर कार्बन आत अडकला आहे. वजन भागिले घनफळ ०.८ ग्रॅम प्रति घ. सेंमीच्या खाली हवं. वीट फोडली की चुरगळत असेल तर भुसा कमी करा.

तोंडापाशी लाकूड घासून ही वीट झिजते. तिथे दाट भाजलेली फरशी सुटी बसवा म्हणजे तेवढीच बदलता येईल. सांधे मातीनेच भरा, सिमेंट या उष्णतेत भुगा होतं. आणि आत कुठेही जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याचा धूर विषारी असतो.

मोजून_बघा:
बदल एकेक करा आणि प्रत्येकानंतर मोजा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. ५ लिटर पाणी, वजन केलेलं कोरडं लाकूड, शेवटी उरलेलं पाणी आणि निखारे यांचं वजन. उदाहरणार्थ २५ वरून ९८ अंशांना १५२८ किलोज्यूल, १५० ग्रॅम वाफेला ३३९, एकूण १८६७. लाकूड ४५० ग्रॅम × १५.५ किलोज्यूल प्रति ग्रॅम = ६९७५, त्यातून ३० ग्रॅम निखाऱ्यांचे (३० × २९) ८७० वजा, उरले ६१०५. कार्यक्षमता १८६७ ÷ ६१०५ = ३०.६ टक्के. उघड्या तीन दगडांच्या चुलीला सहसा याच्या निम्म्याच्या आसपास मिळते.

पण सरपण वाचलं म्हणजे फुप्फुसं वाचली असं नाही, आणि या मुद्द्याकडे फार लोक काणाडोळा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत बिनधुराड्याच्या चुलीच्या धुरातल्या सूक्ष्म कणांसाठी लक्ष्य मिनिटाला जास्तीत जास्त ०.२३ मिलिग्रॅम आहे, धुराडं असेल तर ०.८०. पंख्याविना चालणारी साधी रॉकेट चूल यातल्या पहिल्या आकड्याला सहसा पोचत नाही. स्वयंपाक बंद खोलीत होणार असेल तर १० सेंमी व्यासाचं धुराडं छपराच्या वर काढा आणि भांडं माथ्यात बसवून फट बंद करा. भांडं काढल्यावर त्या भोकावर झाकण हवंच, नाहीतर धूर खोलीत शिरेल. जळाऊ छपरातून नळी जाते तिथे भोवती मोकळी जागा सोडा. नळीतली काजळी काढायला खाली सुटं बूच ठेवा.