पहिली ते चौथीला बाक की बैठी मेजं? (आणि मुंबईकर मंडळाला कसं सांगू?)

वाडीवरच्या_बाई

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. द्विशिक्षकी शाळा, पट 27. दोन खोल्या, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे.

गणपतीत गावाला आलेल्या मुंबईकर मंडळाने शाळेसाठी 80 हजार जमवलेत. त्यांना लोखंडी जोडबाक द्यायचेत, 14 नग, प्रत्येकावर देणगीदाराचं नाव. शाळा शाळेसारखी दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आधीच्या शाळेत मी हे बाक भोगलेत. हायस्कुलातून उतरलेले आमच्याकडे आले होते. पहिलीतली पोरं बसली की पाय लोंबकळायचे, दहा मिनिटांत सरकत सरकत अर्धी आडवी व्हायची. लिहिताना खांदे थेट कानाला. एक मुलगी कायम उभी राहून लिहायची, तिला मी दोन महिने ओरडत होते. मग एक दिवस तिच्या शेजारी बसले, तेव्हा दिसलं की बसल्यावर मेज तिच्या हनुवटीशी येतंय. अजून लाज वाटते.

आता आम्ही बसकरपट्ट्यांवर बसतो. गोल करून गोष्ट, मग चार-चारचे गट, मध्येच पट्ट्या गुंडाळून फरशीवरच्या संख्यारेषेवर उड्या. 16 बाय 18 च्या खोलीत सात बाक आले की उड्या बंद. मला उतरत्या फळीची बैठी मेजं हवीत, मुनीमजीची असायची तशी. पण मंडळाला ते ‘मागास’ वाटतंय. कुणी असं काही केलंय का?

खेर्डीचा_फॅब्रिकेटर

बाई, शाळांचं काम बरंच केलंय म्हणून सांगतो. तयार जोडबाकाची बैठक 17-18 इंच असते. ते मोठ्या पोरांचं माप. लहान माप मागितलं तर आम्ही देतो, पण मागतच नाही कुणी, सगळे ‘नग किती आणि भाव काय’ एवढंच विचारतात.

माप असं घ्या. पोराला पायरीवर बसवा, पायात चप्पल नको, गुडघा काटकोनात. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत जे येईल तीच बैठकीची उंची. तुमच्या लहानग्यांचं 12 इंचांच्या आसपास येईल, चौथीचं 13-14. मेज बैठकीच्या वर साडेआठ-नऊ इंच. बैठ्या मेजाला हे गणित नाही, तिथे मांडी आत शिरली पाहिजे एवढंच बघायचं.

आणि पाइप 16 गेजचाच घ्या. हलका पाइप आपल्याकडच्या पावसात टिकत नाही. फरशी धुतली की पाणी पायातून आत चढतं आणि बाक खालून कुजतो. रबरी बूट घट्ट बसलेत ना, हे स्वतः ओढून बघा.

दक्षिणवारा

मी आर्किटेक्ट, पुण्यात असतो. थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. इंग्लंडमध्ये सॅल्फर्ड विद्यापीठाने 27 प्राथमिक शाळांतले 153 वर्ग तपासले होते, 2015 मध्ये अहवाल आला. वर्षभरातल्या मुलांच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला सुमारे 16 टक्के त्यांनी वर्गखोलीच्या खात्यावर टाकला. त्यात उजेड, हवा आणि तापमान यांचा वाटा मोठा होता. भिंती अगदी कोऱ्या नकोत आणि गच्च भरलेल्याही नकोत, हेही त्यात होतं. (आपल्याकडे शाळेची आगगाडी रंगवून झाली की आत एक वीत कोरी ठेवत नाहीत.)

तुमच्या वर पत्रा आहे म्हणता. जुलैत तुमचा आवाज शेवटच्या पोरापर्यंत जातो का? नसेल तर निम्मे पैसे पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याच्या छतात घाला. आवाज उतरेल, एप्रिलमधली काहिलीही.

निळी_पाटी

बाई, तुमचं शिकवणं पटतं, पण ‘मागास’ हा शब्द इतक्या सहज उडवू नका. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात गोणपाटावर बसत. ते गोणपाट रोज घरून न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. आमच्या घरात ही गोष्ट शाळेत जायच्या आधी सांगतात. माझ्या आईला बाकावर बसलेली मी दिसले तेव्हा ती रडली होती. जमिनीवर बसणं सगळ्यांना सारखं आठवत नाही. मुलं खाली बसणार असतील तर तुमची खुर्चीही वर्गातून बाहेर काढा.

वाडीवरच्या_बाई

निळी_पाटी, तुमचा प्रतिसाद वाचून काल काही लिहिलं नाही. माझी खुर्ची खिडकीशी आहे आणि मी तिच्यावर फारशी बसत नाही, पण ती आहे, हे खरं. आज ती ऑफिसच्या कपाटाशेजारी नेऊन ठेवली. ‘बाई, तुम्ही कुठे बसणार?’ असं दुसरीतल्या तिघांनी विचारलं.

दक्षिणवारा, जुलैत मी शिकवत नाही, किंचाळते. छताचं मंडळाच्या अध्यक्षकाकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘छतावर नावं कुठे लिहायची?’ दाराशी एकच पाटी लावून सगळी नावं त्यावर लिहू म्हटलं. विचार करतो म्हणालेत. म्हणजे निम्मं जमलं.

आणि दादा, काल सगळ्या 27 जणांना व्हरांड्याच्या पायरीवर बसवून मापं घेतली. गंमत म्हणजे चौथीतल्या एका पोराचं माप आणि पहिलीतल्या सगळ्यात उंच मुलीचं माप एकच निघालं, बारा इंच. म्हणजे इयत्तेप्रमाणे बाक वाटून उपयोग नाही. आता विचार असा की सुटे स्टूल आणि हलकी मेजं, दोन मापांत, दोन पोरांना उचलता येतील अशी. शिवाय माझ्या खोलीत सहा बैठी मेजं. ज्याला जे बसेल ते.

12 इंची एक आणि 14 इंची एक, असे दोन नमुने आधी पाठवाल का? शनिवारी सकाळची शाळा असते. पोरं त्यांची परीक्षा घेतील, मग बाकीची ऑर्डर.