मदत हवी आहे: मामांना बुचाचं कसं पटवून द्यावं?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची. आमचे मामा अपशिंगे मिलिटरीचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या ग्रुपवर रोज युक्रेनचे व्हिडिओ येतात. (बुचा म्हणजे युक्रेनची राजधानी कीव्हजवळचं गाव; २०२२ मध्ये रशियन सैन्य निघून गेल्यावर तिथं रस्त्यांवर सामान्य नागरिकांची प्रेतं सापडली.) परवा जेवताना ठासून म्हणाले, “बुचातली प्रेतं म्हणजे निव्वळ नाटक.” रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचंही ३ एप्रिल २०२२ ला हेच म्हणणं होतं: आमचं सैन्य ३० मार्चलाच निघालं, हे नंतर रचलं. पण मॅक्सार या अमेरिकी उपग्रह कंपनीच्या १९ मार्चच्या छायाचित्रांत बुचातल्या याब्लोन्स्का रस्त्यावर मृतदेह दिसतात, म्हणजे रशियन सैन्य तिथं असतानाच. हे सांगितलं तर म्हणे, “उपग्रह अमेरिकेचा, मग फोटो कुणाचे असणार?” झालं! (२०१४ ची, पूर्व युक्रेनमधल्या स्लोव्हियान्स्कमध्ये युक्रेनी सैनिकांनी लहान मुलाला खिळे ठोकून मारल्याची गोष्टही त्यांना खरीच वाटते. ती रशियाच्या चॅनल वनने दाखवली, पुरावा कधीच मिळाला नाही.)

यावर मराठीत नीट लिहिलेलं काही आहे का? मामा इंग्रजी वाचत नाहीत. आणि व्हिडिओ जुना की नवा, हे मोबाइलवरच तपासायची सोपी रीत कुणी सांगाल का? माणूस मानी आहे, चारचौघांत खोटं पाडायचं नाहीये. रविवारी परत जेवायला येतायत.